आधी पानगळ, मग पालवी

॥ श्रीगुरवे नमः ॥



चैत्र लागला. पाडव्याला आपण गुढीला कडुनिंबाची कोवळी डहाळी बांधली, गुळाबरोबर पानं खाल्लीसुद्धा. पण ही पालवी येण्याआधी झाडाने जुनी पानं टाकली, तेव्हा अंगणातला पाचोळा झाडताना आपण कुरकुरच करत होतो, नाही का?

लिहिणाऱ्यांचंही असंच होतं. आपल्या परिवारात पदं रचणारे, आलेले अनुभव लिहून काढणारे कितीतरी ताई-दादा आहेत. मधेच लिहिणं आटतं. वही उघडून बसलं तरी शब्द येत नाहीत. मग मनात येतं, आपली श्रद्धा कमी पडली का? की कृपाच थांबली?

याचं उत्तर शोधायला आपल्याला बडोद्याबाहेर जायला नको. श्रीअरविंद १८९३ ते १९०६ इथेच होते, बडोदा कॉलेजात फ्रेंच आणि इंग्रजी शिकवत. पुढे ते कलकत्त्याला गेले, 'वंदे मातरम्' पत्रात लिहू लागले. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेला काँग्रेस फुटली आणि त्यानंतर ते पुन्हा बडोद्याला आले. तेव्हा त्यांना विष्णू भास्कर लेले हे मराठी योगी भेटले. सरदार मजुमदारांच्या वाड्यात, माडीवरच्या खोलीत दोघे ध्यानाला बसले. लेल्यांनी सांगितलं, विचार बाहेरून येताना दिसतील, आत शिरण्याआधीच त्यांना परतवा. तीन दिवसांत मन अगदी शांत झालं.

आणि लगेच मुंबईत भाषण! मनात एक विचार नाही, बोलायचं काय? लेले म्हणाले, श्रोत्यांना नमस्कार करा आणि थांबा, शब्द येतील. १९ जानेवारी १९०८ ला ते भाषण झालं. पुढे १९१४ पासून 'आर्य' मासिकात त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं, तेही त्याच शांत मनातून, असं ते सांगत.

वसंताच्या तोंडावर झालेली ही पानगळच म्हणायची. लिहिणं थांबलं म्हणजे कृपा थांबली, असं समजायचं कारण नाही.

पण मग अभ्यास कशाला? नमस्कार करून बसून राहावं का? इथे नीट बघायला हवं. बडोद्याच्या त्या तेरा वर्षांत त्यांनी संस्कृत, बंगाली, मराठी, गुजराती शिकून घेतल्या होत्या, अफाट वाचलं होतं. झाड पानं टाकतं, मुळं टाकत नाही. 'मी लिहिलं', 'लोक काय म्हणतील', 'ग्रुपवर कितीजणांनी हात जोडले', ही आपली पानं. नामस्मरण, वाचन, रोज वहीपाशी बसणं, ही मुळं.

आणखी एक सांगावंसं वाटतं. मन शांत असताना सुचलं म्हणजे ते देवानेच लिहून घेतलं, असं म्हणायची आपल्याला फार घाई असते. एकदा तसं म्हटलं की कोणी चूक दाखवली तरी राग येतो. श्रीअरविंदांनी 'सावित्री' हे महाकाव्य कितीतरी वर्षं पुन्हा पुन्हा लिहिलं, १९५० साली देह ठेवण्याच्या सुमारापर्यंत ते काम चालूच होतं. ज्यांना शब्द वरून येत, त्यांनीही ते तपासले, बदलले. मग आपण 'कृपेने आलंय' म्हणून एक काना-मात्राही बदलायला तयार नसू, तर ती श्रद्धा म्हणायची की अहंकार? प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावं.

तेव्हा या चैत्रात एक करू या. लिहायला बसण्याआधी दहा मिनिटं मोबाईल बाजूला ठेवू, सद्गुरूंना आणि वाचणाऱ्यांना मनातून नमस्कार करू, आणि थांबू. चार ओळी आल्या तर लिहू, दुसऱ्या दिवशी तपासू. नाहीच आल्या, तर तेवढा वेळ नाम तरी झालं.

जय गुरुदेव! 🙏

आपल्याच,
वडोदरा परिवारातील सेवेकरी भगिनी