सनातन म्हणजे कुणाचं कायम?

'सनातन' हा शब्द वाटतो तितका साधा नाही, दोस्तांनो. कोशात बघाल तर अर्थ सापडेल : शाश्वत, नित्य, नेहमीचे. पण शब्दाचा सगळा अर्थ कोशात नसतो. तो कोण बोलतो आणि कुणाला ऐकवतो, त्यावरही ठरतो.

मी सूतगिरणीत राबतो. आमच्यात शब्द दोनच : कायम आणि बदली. मी बदलीवाला. गेटावर नाव पुकारलं तर काम, नाहीतर माघारी. रोजी कायम नाही, खोली कायम नाही. जात तेवढी कायम! पाण्याच्या माठाशी ती बरोबर हजर असते. हे कायमपण आम्ही कधी मागितलं होतं?

महाडला हे कायमपण कोर्टात उभं राहिलं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच वर्षी सवर्णांनी दावा लावला : अस्पृश्यांनी तळ्याला शिवू नये, ही अनादि काळापासूनची वहिवाट आहे. आता अनादि काळाचा साक्षीदार आणणार कुठून? १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं, वहिवाट शाबीत झाली नाही, म्हणून त्यांचं अपील फेटाळलं. देवाधर्माच्या नावानं मिरवणारं सनातनपण साध्या पुराव्याशी येऊन लटपटलं.

त्याआधी १९३६ सालीच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी हिंदूंना बजावलं होतं, की सनातन असं काही नसतं, सगळं बदलतं. बुद्धानं यालाच अनित्य म्हटलं. धम्मपदाच्या पाचव्या गाथेत 'सनंतनो' शब्द आहे खरा, पण तो कुणाच्या जन्माला चिकटवलेला नाही. वैर कशानं शमतं, त्या नियमाला लावलेला आहे.

इथं आपल्यातलाच कुणी विचारील : सगळं अनित्य, मग समतासुद्धा अनित्यच की! प्रश्न खरा आहे, टाळू नका. होय, तीही आपोआप टिकत नाही. २६ जानेवारी १९५० पासून संविधानाचं १७ वं कलम अस्पृश्यता बंद करून बसलंय. पण कलम काही माठाशी येऊन उभं राहत नाही. तिथं माणूसच उभा राहावा लागतो. साच्यावर धागा तुटतो, आपण जोडतो, पुन्हा तुटतो, पुन्हा जोडतो. समतेचं काम असलंच आहे.

म्हणून कुणी 'हे सनातन आहे' म्हणाला की दोन प्रश्न टाका : कधीपासून? आणि कुणाच्या फायद्याचं? त्याच्या कायमला पुरावा मागा. आणि आपला हक्क कायमचा मिळाला म्हणून झोपू नका.