मध्यस्थ कोणास म्हणावे ?

वारीच्या वाटेवर एका मुक्कामी कीर्तन आटोपल्यावर एका माउलीने आम्हांस गाठले. म्हणाली, "महाराज, लेकीचा घटस्फोटाचा दावा कोर्टात आहे. न्यायाधीश म्हणतात, आधी मध्यस्थाकडे जा. तिथं जाणं म्हणजे माघार घेणं का हो?" प्रश्न साधा, पण आमची जीभ अडखळली. कारण मध्यस्थीचे एक जुने पाप आमच्या पदरी आहे.

तीसएक वर्षांपूर्वी एका गावी नवराबायकोचा तंटा आमच्यापुढे आला. आम्ही दोघांना समोरासमोर बसविले, चार दृष्टांत दिले आणि मुलीला म्हटले, "बाई, भांड्याला भांडे लागायचेच. सोसावे." ती खाली मान घालून गेली. महाराजांनी घर सांधले, असे लोक म्हणाले. वर्षभरात ती माहेरी परतली, ती एका कानाने बहिरी होऊन. नवरा मारीत असे. त्याच्यादेखत ती बापडी काय सांगणार होती? आम्ही घर सांधले नव्हते. तिचे तोंड बंद केले होते.

गीतेच्या सहाव्या अध्यायात 'उदासीन' आणि 'मध्यस्थ' हे शब्द लागोपाठ येतात. दोहोंत भेद काय? शंकराचार्यांनी भाष्यात तो सांगितला आहे : उदासीन कोणाचाच पक्ष घेत नाही, मध्यस्थ हा विरोधात उभ्या असलेल्या दोघांचेही हित इच्छितो. पाठशाळेत हा अर्थ आम्ही घोकला होता. वेळ आली तेव्हा मात्र आम्ही हित पाहिले ते चारचौघांतल्या अब्रूचे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने, शक्य तेथे समेटाचा यत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरविले. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यानेही तेच सांगितले. २०२३ साली तर संसदेने मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाच केला. हा मध्यस्थ निवाडा देत नाही, तडजोड लादीत नाही. तो दोघांशी एकत्र बोलतो, तसा एकेकट्याशीही बोलतो. तेथले बोलणे गुप्त राहते. बोलणी फिसकटली तरी ते पुरावा म्हणून पुढे आणता येत नाही. जमले तर लेख होऊन सह्या होतात, न जमले तर दावा पुढे चालतो. हक्क बुडत नाही.

आणि समेट म्हणजे पुन्हा नांदणेच, असेही नव्हे. पोटगी किती, स्त्रीधन केव्हा परत, लेकरू कोणापाशी राहील, सुटीत दुसऱ्याला कसे भेटेल, हे ठरवून परस्परसंमतीने वेगळे होण्याची वाट १९७६ पासून कायद्यात आहे. कोणी म्हणेल, विवाह हा संस्कार, तो सोडण्याची बोलणी कशी करावी? बाबांनो, अग्नी साक्षीला ठेवतात तो कोणाला जाळण्यासाठी नव्हे. नाते सुटले तरी लेकराचे आईबाप दोघेही उरतात. त्यांना एकमेकांशी दोन शब्द नीट बोलता यावेत, एवढे जरी साधले तरी ते थोडे नाही.

मात्र जेथे मारहाण आहे, तेथे आधी रक्षण, मग बोलणी. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. भीतीपोटी दिलेला होकार हा होकारच नव्हे.

आम्ही त्या माउलीला म्हटले, "लेकीला जाऊ द्या. मध्यस्थाशी एकटीने बोलू द्या. मनात असेल ते सगळे सांगू द्या, आणि पटले नाही तर 'नाही' म्हणू द्या."

तीस वर्षांपूर्वी एवढे आम्ही त्या दुसऱ्या लेकीला सांगावयास हवे होते.