पाक नेमका कुठे होतो?

कच्चा घडा काळसर असतो, आव्यात भाजला की लाल होतो. मग तो तोच घडा राहिला का? उष्णतेने होणारा हा बदल म्हणजे 'पाक'. प्राचीन भारतीय दर्शनांपैकी वैशेषिकांचा पीलुपाकवाद म्हणतो, अग्नीने घडा परमाणूंपर्यंत सुटा होतो, परमाणूंचाच रंग पालटतो आणि त्यांतून नवा घडा जुळतो. नैयायिकांचा पिठरपाकवाद म्हणतो, घडा मोडतच नाही. अखंड घडाच भाजतो, म्हणून तर आपण त्याला ओळखतो. खडकात गाडलेल्या जीवांचे रेणू पाहिले, की हा जुना वाद अजून मिटलेला नाही असे मला वाटते.

शेवाळ, जीवाणू चिखलाबरोबर खोल गाडले जातात आणि तापतात. साधारण 60 ते 150 अंश सेल्सिअसला, लक्षावधी वर्षांत, त्यांतून खनिज तेल सुटते. त्याहून तापले की वायू. यात पेशीपटलातल्या स्टेरॉलचे काय होते ते जवळून पाहावे. त्यातला ऑक्सिजन निघून जातो, दुहेरी बंध हायड्रोजनने भरले जातात, पण चार कड्यांचा कार्बनी सांगाडा टिकतो. त्याच्या शेपटीतल्या विसाव्या कार्बनाशी सजीव एकाच बाजूची मांडणी ठेवतात. उष्णता ती उलटवत राहते आणि शेवटी दोन्ही मांडण्या जवळपास निम्म्यानिम्म्या होतात. या प्रमाणावरूनच खडक किती तापला ते कळते. 1934 च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड ट्राइब्स यांना खनिज तेलात हरितद्रव्याचे वंशज सापडले: मधला मॅग्नेशियम गेलेला, त्या जागी व्हॅनेडियम, भोवतीचे कडे मात्र ओळखीचे.

तेव्हा पाक परमाणूत होत नाही. कार्बनचा अणू या तापातून जसाच्या तसा बाहेर पडतो. इथे वैशेषिक चुकले. अखंड वस्तूतही होत नाही. राणीगंजच्या कोळशाबरोबरच्या खडकात ग्लॉसॉप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या पानाच्या शिरा स्पष्ट दिसतात, पण पानातले सेल्युलोज केव्हाच संपलेले असते. ओळख पटली म्हणजे वस्तू तीच, हे नैयायिकांचे गमक इथे फसते. पाक होतो तो अणूंच्या जुळणीत, आणि वस्तूचे 'तेच'पणही तिथेच शोधावे लागते. प्राचीनांच्या तोंडी आजचे रसायन घालू नये, हे खरे (आपल्याकडे ती खोड आहेच). पण मी त्यांचा प्रश्न घेतो, उत्तर नाही. बौद्धांचा आक्षेप अधिक जड आहे: जुळणीही बदलतेच, मग क्षणांची साखळी पुरे, 'तेच' कशाला हवे? पण साखळी तर प्रत्येक वस्तूला असते. हा रेणू स्टेरॉलचा आणि तो जीवाणूच्या पटलातल्या होपॅनॉइडचा, हे सांगतो तो टिकलेला सांगाडाच. ताप फार वाढला, सारे ग्रॅफाइट झाले, की तोही उरत नाही, आणि तिथे बौद्धांचे म्हणणे मान्य करावेच लागते. म्हणजे तादात्म्य एकदम असते किंवा नसते असे नव्हे, ते तापमानागणिक झिजते; आणि हे मात्र या तिन्ही पक्षांपैकी कुणालाच रुचणारे नाही.