राजतरंगिणीतील शांतरस

संस्कृत काव्यविचारात काश्मिरी पंडितांनी घातलेली भर मोजू लागले म्हणजे वामन, उद्भट, कुंतक, मम्मट अशी मोठी मालिकाच उभी राहते. परंतु ज्या एका वादात त्यांनी काव्याला मोक्षविचाराच्या दाराशी नेऊन बसविले, तो शांतरसाचा वाद मला त्या साऱ्यांहून मोलाचा वाटतो. जुन्या परंपरेत रस आठच. शांत हा नववा, आणि त्यावरचा आक्षेप काही पोरकट नव्हता. जेथे वासनाच शमल्या, तेथे नटाने अभिनय करावा कशाचा? माळव्यातील धनंजयाने नाट्यात तरी त्याला थारा दिला नाही. उलट अवंतिवर्म्याच्या राजवटीतील आनंदवर्धनाने थेट महाभारताचाच हवाला दिला: ज्या कवीने यादवांचा संहार आणि पांडवांचा विषण्ण शेवट दाखविला, त्याचा प्रधान रस तृष्णाक्षयाच्या सुखाचाच असला पाहिजे. पुढे अभिनवगुप्ताने आत्मस्वरूपालाच शांताचा स्थायी भाव ठरवून, इतर सर्व भाव त्या भिंतीवर उमटतात असे प्रतिपादिले.

सिद्धांत झाला, त्याची खरी कसोटी लागली ती 1148 साली राजतरंगिणी रचावयास बसलेल्या कल्हणाच्या हातून. रागद्वेष सोडून न्यायाधीशासारखे बोलावे, असा दंडक त्याने आरंभीच स्वतःस घालून घेतला, आणि शांत हाच आपल्या ग्रंथाचा मुख्य रस मानला. आता त्याचा बाप चंपक हा राजा हर्षाचा अमात्य. आणि या हर्षाने, रिता झालेला खजिना भरण्यासाठी, देवळांतल्या धातूच्या मूर्ती उखडून आणण्याकरिता ‘देवोत्पाटननायक’ नावाचा स्वतंत्र हुद्दाच निर्माण केला होता! परिहासपुरातील भव्य बुद्धमूर्ती वाचली ती कल्हणाचा चुलता कनक याने रदबदली केली म्हणून. ज्या घराने या राजाचे मीठ खाल्ले आणि त्याचे अनाचारही जवळून पाहिले, त्या घरातला कवी हर्षाचा 1101 मधला अंत, एका तपस्व्याच्या झोपडीत लपलेला असताना झालेला त्याचा वध, वर्णितो, तेव्हा त्याची ना स्तुती करतो, ना सूड उगवतो.

कायस्थ कारकुनांविषयी लिहिताना मात्र त्याच्या लेखणीतून जहर गळते आणि न्यायासन सुटते, हे कबूल केले पाहिजे. तरीही शांत हा केवळ विरक्तांचा रस नसून राजकारण आतून पाहिलेल्या माणसालाही तो साधू शकतो, एवढे कल्हणाने धनंजयाला दिलेले उत्तर मला पुरेसे वाटते.