हलाल, तय्यिब आणि घरातील ताट



आपण दिवसातून दोन-तीन वेळा ‘बिस्मिल्लाह’ म्हणून घास उचलतो आणि ‘अलहम्दुलिल्लाह’ म्हणून हात धुतो. या दोन शब्दांच्या मध्ये जे घडते, त्याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. ताटात काय आहे, काय नाही, जे नाही ते का नाही आणि ते नेमके कोणाच्या ताटात नाही, हे प्रश्न केवळ स्वयंपाकघराचे नाहीत. ते दीनचेही प्रश्न आहेत, कारण शरीर ही अल्लाहची अमानत आहे आणि घरातील प्रत्येक व्यक्तीचा त्या अन्नावर हक्क आहे.

आज आपल्या घरांत अन्नावरील बंधने तीन वाटांनी येत आहेत. पहिली वाट फॅशनची. घरातील तरुण मुलगा मोबाइलवर काहीतरी पाहतो आणि भाकरी, भात, डाळ एकदम बंद करतो. त्याच्यासाठी बदाम, पनीर, डबाबंद पावडर आणि परदेशी पीठ आणावे लागते. किराण्याचा मोठा भाग एकाच ताटावर खर्च होतो. दुसरी वाट रूढीची. बाळंतिणीला फळे ‘थंड’ म्हणून नाहीत, डाळ ‘वातूळ’ म्हणून नाही. वयात येणाऱ्या मुलीला अंडे ‘उष्ण’ म्हणून नाही. तिसरी वाट टंचाईची. महिनाअखेरीस सकाळी चहा-पाव, दुपारी भात आणि रात्री पुन्हा चहा-पाव. पोट भरते, पण शरीराची गरज भागत नाही.

या तिन्ही वाटांत एक गोष्ट समान आहे. बंधन एकजण घालतो आणि त्याची किंमत घरातील दुसराच कोणीतरी, बहुधा सर्वांत दुर्बल माणूस, चुकवतो.

अल्लाहने मनाई केलेल्या वस्तूंची यादी छोटी आहे

पवित्र कुरआनात अन्नासंबंधी जे आदेश आले आहेत, त्यांची मांडणी लक्षात घेण्याजोगी आहे. सूरह अल-बकराच्या १६८व्या आयतीत सर्व मानवांना उद्देशून जमिनीवरील हलाल आणि तय्यिब वस्तू खाण्याची आज्ञा आहे. म्हणजे आरंभ परवानगीने होतो, मनाईने नव्हे. हराम वस्तूंचा उल्लेख त्यानंतर येतो आणि तो मोजक्या शब्दांत येतो: मृत जनावर, वाहते रक्त, डुकराचे मांस आणि अल्लाहखेरीज अन्य कोणाच्या नावाने अर्पण केलेले. सूरह अल-मायदामध्ये याचाच तपशील आहे आणि मद्याची मनाईही त्याच सूरहमध्ये आहे.

आता या छोट्या यादीसमोर खुले काय आहे ते पाहा. सर्व धान्ये, सर्व कडधान्ये, सर्व भाज्या, सर्व फळे, दूध, अंडी, मध, समुद्रातील मासळी आणि विधिवत जबह केलेल्या हलाल जनावरांचे मांस. हलालचे बंधन पाळल्याने मुस्लिम घराच्या आहारात पोषणाची कोणतीही उणीव राहत नाही आणि हे बंधन पाळण्यास जास्तीचा एक रुपयाही लागत नाही. अल्लाहची मनाई गरिबाला परवडणारी आहे. माणसाने स्वतःहून घातलेली मनाईच महाग पडते.

‘तय्यिब’ या शब्दाकडेही आपले दुर्लक्ष होते. हलाल म्हणजे कायद्याने वैध. तय्यिब म्हणजे स्वच्छ, उत्तम आणि माणसाला हितकारक. मांस हलाल दुकानातून आणण्याबाबत आपण काटेकोर असतो आणि ते योग्यच आहे. परंतु लहान मुलाच्या हाती रोज तळलेल्या पदार्थांची पाकिटे आणि साखरेचे रंगीत पाणी देताना ‘हे तय्यिब आहे का?’ असा प्रश्न आपण स्वतःला विचारत नाही. आज्ञा दोन्ही शब्दांची एकत्र आहे.

हलालला हराम करणे ही धार्मिकता नव्हे

काही सहाबींनी (रजि.) अधिक इबादतीच्या ओढीने ऐहिक सुखे सोडण्याचा निश्चय केला होता. सही मुस्लिममधील निवेदनानुसार त्यांच्यापैकी एकाने मांस न खाण्याचे ठरवले. प्रेषित मुहम्मद (स.) यांना हे कळले तेव्हा त्यांनी ते मान्य केले नाही; आपण स्वतः रोजे ठेवतो आणि सोडतोही, हे सांगून जो आपल्या मार्गापासून तोंड फिरवील तो आपला नव्हे, असे बजावले. सूरह अल-मायदाच्या ८७व्या आयतीत ईमानधारकांना हाच आदेश आहे की, अल्लाहने वैध केलेल्या उत्तम वस्तू स्वतःवर निषिद्ध करून घेऊ नका आणि मर्यादाही ओलांडू नका.

हजरत सलमान (रजि.) आणि हजरत अबू दरदा (रजि.) यांचा प्रसंग बुखारीत आहे. सलमान पाहुणे म्हणून गेले असता अबू दरदांनी त्यांच्यापुढे जेवण ठेवले. स्वतः मात्र रोजा असल्याचे सांगितले. तुम्ही जेवल्याशिवाय मी जेवणार नाही, असा आग्रह सलमान यांनी धरला आणि तो रोजा नफिल असल्याने अबू दरदांनी तो सोडला. पुढे सलमान यांनी त्यांना समजावले की, तुमच्या पालनकर्त्याचा तुमच्यावर हक्क आहे, तुमच्या स्वतःच्या जिवाचा हक्क आहे आणि तुमच्या घरच्यांचाही हक्क आहे. ज्याचा त्याचा हक्क त्याला द्या. प्रेषितांनी (स.) सलमान यांचे म्हणणे खरे ठरवले. इबादतीसाठी घातलेल्या बंधनालाही जिथे जिवाच्या आणि घरच्यांच्या हक्काची मर्यादा आहे, तिथे सडपातळ दिसण्यासाठी घातलेल्या बंधनाला ती नसेल का?

कोणाच्या ताटातून कमी होते?

सूरह अल-अनआमच्या १३९व्या आयतीत अज्ञानकाळातील अरबांची एक चाल नमूद आहे. विशिष्ट जनावरांच्या पोटातील पिल्लू केवळ पुरुषांसाठी राखीव आहे आणि स्त्रियांना ते निषिद्ध आहे, असे ते म्हणत. तेच मृत जन्मले तर मात्र सर्वांनी खावे. या मनगढंत नियमाबद्दल अल्लाहने त्यांना शिक्षेची चेतावणी दिली. चौदाशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट वाचून आपल्याला आश्चर्य वाटते. पण जरा आपल्या घरात पाहू या. अंडे मुलाला आणि चहा मुलीला, मांसाचे तुकडे पुरुषांच्या ताटात आणि उरलेला रस्सा सर्वांत शेवटी बसणाऱ्या बाईच्या ताटात. हा नियम कोणत्या आयतीत आला आहे?

२०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या पुरुषांमध्ये हे प्रमाण २५ टक्के होते. याला मासिक पाळी, गर्भारपण अशी शरीराची कारणे आहेत, हे खरे. पण ज्याची गरज अधिक त्याला अधिक मिळावे, हा न्याय आहे. आपल्याकडे गरज अधिक असणाऱ्यालाच कमी मिळते.

सूरह अल-बकराच्या २३३व्या आयतीत स्तनपान करणाऱ्या मातेच्या अन्नवस्त्राची जबाबदारी रीतीप्रमाणे पित्यावर टाकली आहे. हा तिचा हक्क आहे, पतीचे उपकार नव्हेत. गर्भवती आणि स्तनदा मातेला रोजाच्या बाबतीत सवलत असल्याचे हदीसमध्ये आले आहे. प्रसववेदनेच्या क्षणी हजरत मरयम (अलै.) यांच्यासाठी अल्लाहने ताज्या खजुरांची व्यवस्था केली. मग बाळंतिणीच्या ताटातून फळ आणि डाळ काढून घेणारे आपण कोण?

पोषणाला पैसा किती लागतो?

‘चांगले खायला पैसा लागतो’ असे आपण सर्रास म्हणतो. त्यात सत्य आहे, पण पूर्ण सत्य नाही. प्रथिनांचेच उदाहरण घेऊ. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ व्यक्तीला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दररोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम. दिवसभरात २५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी, ६० ग्रॅम तुरीची डाळ, मूठभर शेंगदाणे आणि एक अंडे एवढ्यात ही गरज भागू शकते. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत बदामांपेक्षा अधिक प्रथिने असतात आणि बाजारात दोघांच्या भावांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. कोकणातील आपल्या घरांत सुकट आणि जवळा गरिबाचे खाणे समजले जाते. प्रत्यक्षात ते प्रथिने आणि कॅल्शियम देणारे उत्तम अन्न आहे.

धान्य आणि डाळ एकत्र खाण्यामागेही हिकमत आहे. धान्यातील प्रथिनांत जो अंश कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जो उणा, तो धान्य पुरवते. प्रेषित (स.) काकडी खजुरासोबत खात, असे बुखारी व मुस्लिममध्ये आले आहे. साध्या वस्तू एकमेकींना पूरक करून खाणे, हे आपल्याला परके नाही.

घरातील गृहिणींनी दोन गोष्टी विशेष लक्षात ठेवाव्यात. जेवणासोबत किंवा लगेच नंतर घेतलेला चहा अन्नातील लोह शरीरात शोषले जाण्यास अडथळा करतो. म्हणून जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर ठेवावे. याउलट भाजीवर आणि डाळीवर पिळलेले लिंबू तेच लोह शोषण्यास मदत करते. या बदलाला खर्च नाही, केवळ सवय हवी.

परहेज कधी योग्य ठरते?

याचा अर्थ सर्व बंधने चुकीची, असा नव्हे. आजाऱ्याला आणि प्रवाशाला ज्या शरिअतने रोजातही सूट दिली, ती आजाऱ्याचे पथ्य कसे नाकारील? मधुमेहीने वैद्यकीय सल्ल्याने भात आणि साखर कमी करणे हे अमानतीचे रक्षण आहे. गव्हातील ग्लुटेन ज्यांच्या आतड्यांना इजा करते, अशा सीलिॲक रोग्यांनी गहू टाळलाच पाहिजे. पण त्यांच्यासाठीही महाग परदेशी पीठ आवश्यक नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांत मुळातच ग्लुटेन नसते. दळताना त्यात गव्हाचे पीठ मिसळणार नाही, एवढी काळजी मात्र घ्यावी.

आवडनिवडही क्षम्य आहे. प्रेषितांसमोर (स.) घोरपडीसारख्या प्राण्याचे मांस आले तेव्हा त्यांनी ते खाल्ले नाही, ते हराम नाही, पण आपल्या प्रदेशात नसल्याने मन घेत नाही, असे सांगितले. त्याच दस्तरखानावर हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी ते खाल्ले आणि प्रेषितांनी (स.) त्यांना रोखले नाही. स्वतः न खाणे वेगळे आणि दुसऱ्याला न खाऊ देणे वेगळे.

शिक्षणासाठी दूर गेलेल्या आपल्या मुलामुलींनाही एक सांगणे आहे. वसतिगृहात हलाल मांस मिळत नाही म्हणून ते टाळता, ही तुमची ईमानदारी आहे. अल्लाह तिचा मोबदला देवो. पण म्हणून महिनोन्‌महिने पाव-बटाट्यावर राहू नका. डाळ, उसळ, दूध, दही, अंडी आणि मासळी तुमच्यासाठी हलाल आहेत. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात नैसर्गिकरीत्या जवळजवळ नसतेच; ते दूध, अंडी, मासळी आणि मांस यांतून मिळते. जो हे सर्वच सोडतो, त्याने डॉक्टरांना विचारून त्याची सोय केली पाहिजे.

देणाऱ्याचे ताट आणि घेणाऱ्याचे ताट

शेवटी त्या घरांकडे वळू या, जिथे बंधन निवडलेले नसून लादलेले आहे. शपथेच्या प्रायश्चित्तासाठी दहा गरजूंना जेवण देण्याचा आदेश सूरह अल-मायदाच्या ८९व्या आयतीत आहे आणि त्याचे मापही तिथेच दिले आहे: तुम्ही आपल्या घरच्यांना जे मध्यम प्रतीचे अन्न देता, ते. गरिबाच्या ताटाचे माप आपले स्वतःचे ताट आहे. प्रेषितांच्या (स.) काळात फित्रा जव, खजूर, मनुका आणि सुकवलेले पनीर अशा वस्तूंतून दिला जाई; ते सर्व पौष्टिक अन्न होते.

रमजानमध्ये आपल्या वस्त्यांत जी शिधा-पाकिटे वाटली जातात, ती एकदा उघडून पाहा. तांदूळ, मैदा, साखर, चहापत्ती, तेल, सरबताची बाटली. देणाऱ्यांचा हेतू शुद्ध आहे. अल्लाह तो कबूल करो. पण स्वस्त धान्य दुकानातून तांदूळ आणि गहू अनेक घरांत येतच असतात. कमतरता डाळीची असते, शेंगदाण्याची असते, अंड्यांची असते. साखर आणि मैदा कमी करून त्याच पैशांत तूरडाळ, हरभरे, शेंगदाणे आणि गूळ घातले, तर तोच सदका एखाद्या गर्भवतीच्या रक्तात उतरेल. मशिदीच्या समित्यांनी येत्या रमजानपूर्वी यावर विचार करावा, अशी नम्र विनंती आहे. आणि ज्यांना एवढे शक्य नाही, त्यांनी हजरत अबू जर (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) केलेला उपदेश स्मरावा: रस्सा करताना पाणी थोडे वाढवावे आणि शेजाऱ्याची आठवण ठेवावी.

बंधू-भगिनींनो, आज रात्री जेवायला बसण्यापूर्वी घरातील सर्व ताटांकडे एकदा पाहा. कोणाचे ताट शेवटी वाढले गेले, कोणत्या ताटात काय नाही आणि ते कोणाच्या निर्णयाने नाही, हे तपासा. जे अल्लाहने काढून घेतले नाही, ते आपण कोणाच्याही पुढून काढून घेऊ नये. देणग्यांचा हिशेब होईल, तेव्हा आपण काय खाल्ले याबरोबरच आपल्या आधाराने जगणाऱ्यांना काय खाऊ घातले, हेही विचारले जाईल.

हे अल्लाह, आमच्या रोजीत बरकत दे, ती हलाल आणि तय्यिब ठेव. आमच्या घरातील स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांचे हक्क ओळखण्याची बुद्धी दे. आमच्या शेजाऱ्याची भूक आमच्यापासून लपून राहू देऊ नकोस. आमीन.