सौदा दोघांचा, मत बाकीच्यांचे

नाताळाच्या सुट्टीत अमेरिकेहून घरी आलेला आपल्या धर्मग्रामातील एक तरुण आमच्याकडे येऊन बसला. लग्नाच्या कागदपत्रांचे काही काम असेल, असे आम्हांला वाटले. त्याने विचारले, "फादर, दोघांनी राजीखुशीने केलेला सौदा तिसऱ्याने मोडावा का?" मग जमिनीची भानगड असावी, असा आमचा समज झाला. निघाली ती फॅन्टसी फुटबॉलची.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ऑकलंड रेडर्स संघाचे एक भागीदार बिल विंकनबाख आणि त्यांचे स्नेही यांनी १९६२ साली तो रचला. दहा-बारा मित्र हंगामापूर्वी एकत्र येतात आणि अमेरिकन फुटबॉलचे खरेखुरे खेळाडू आळीपाळीने निवडून कागदावरचे संघ बनवतात. त्या खेळाडूंनी मैदानावर जे केले त्यावर गुण मिळतात. टचडाउनला सहा, धावून मिळवलेल्या दर दहा यार्डांना बहुधा एक. हंगाम चालू असताना दोघे आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करू शकतात. मात्र पुष्कळ लीगमध्ये ठरावीक सभासदांनी विरोधी मत दिले की ती रद्द होते. यालाच व्हेटो म्हणतात.

या तरुणाने आपला नावाजलेला रनिंग बॅक देऊन दोन मध्यम प्रतीचे रिसीव्हर घेतले, कारण त्याच्याकडे चेंडू झेलणारे कोणी उरले नव्हते. चौघांनी विरोधात मत दिले आणि सौदा मोडला. त्या चौघांतील दोघे गुणतक्त्यात त्याच्या खालोखाल होते. "तुझ्याच भल्यासाठी," असे त्यांनी त्याला सांगितले म्हणे!

प्रश्न जुना आहे. होमरच्या महाकाव्यात ट्रॉयच्या रणांगणावर ग्लॉकस आपले शंभर बैलांच्या मोलाचे सोन्याचे चिलखत देतो आणि नऊ बैलांच्या मोलाचे काशाचे घेतो. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्र लिहिताना हेच उदाहरण घेतले. आपली वस्तू आपल्या मर्जीने देणाऱ्यावर अन्याय झाला, असे म्हणता येत नाही, हा त्याचा निष्कर्ष. तो मूर्ख ठरेल कदाचित, पण तो त्याचा प्रश्न.

परंतु ग्लॉकसच्या चिलखताने इतरांचे काही बिघडले नाही. बारा जणांच्या लीगमध्ये एकाने दुसऱ्याला सोने फुकट दिले तर उरलेल्या दहांचे नुकसान होते. समजा, नोव्हेंबरात शर्यतीतून बाद झालेल्या एकाने आपले उत्तम खेळाडू खोलीतल्या मित्राच्या हवाली केले आणि बक्षीस वाटून घेण्याचे ठरले. हे उघड संगनमत आहे. तो सौदा मोडलाच पाहिजे, आणि व्हेटो आहे तो त्यासाठीच. वाईट सौदा आणि खोटा सौदा यांत फरक आहे. खोटेपणा पुराव्याने ठरवता येतो. वाईट काय, हे त्या क्षणी कोण सांगणार? १२ ऑक्टोबर १९८९ रोजी डॅलसच्या खऱ्या संघाने हर्शेल वॉकर हा आपला मोठा खेळाडू मिनेसोटाला दिला आणि काही खेळाडूंसह पुढल्या वर्षांच्या निवडीचे हक्क घेतले. त्या हंगामात डॅलसला एकच सामना जिंकता आला. पुढे १९९२, १९९३ आणि १९९५ च्या हंगामांत अजिंक्यपद त्यांचे होते. लोकांची मते घेतली असती तर?

आम्ही त्याला विचारले, "तू कधी असे मत दिले आहेस का?" तो जरा थांबला. दोन वर्षांपूर्वी एका नवख्याचा सौदा त्याने मोडायला लावला होता. कारण लिहिले होते, नवख्याची फसवणूक होते आहे. खरे कारण असे की समोरच्या संघाशी त्याचाच येत्या रविवारी सामना होता.

नवख्याची अडचण मात्र खरी असते. एखाद्या खेळाडूचा गुडघा दुखावल्याची बातमी एकाने वाचलेली असते, दुसऱ्याने नाही. सिसेरोने ऱ्होड्स बेटावरच्या दुष्काळात धान्य घेऊन आलेल्या व्यापाऱ्याची गोष्ट सांगितली आहे. मागून आणखी गलबते येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, त्याने ते सांगावे का? सिसेरोच्या मते सांगावे. संत थॉमस अक्वायनस म्हणतात, न्यायाने तसे बंधन नाही, पण सांगितले तर सद्गुण मोठा. संत थॉमसची क्षमा मागून आम्ही या बाबतीत सिसेरोकडे झुकतो. बाजारातला व्यापारी उद्या दुसऱ्या गावी जातो. लीगमधल्या मित्राबरोबर आपल्याला सोमवारी एकाच टेबलावर जेवायचे असते. शिवाय हे मौन कोणत्याही व्हेटोच्या हाती लागत नाही. ते ज्याचे त्यानेच मोडायचे.

मग नियम काय असावा, असे त्याने विचारले. ज्यांचा सामना जवळ आला आहे त्यांनी मत देऊ नये, आणि एकट्या कमिशनरने संगनमताचा पुरावा असेल तरच सौदा थांबवावा, असे आम्ही सुचवले. कमिशनरही खेळतोच, ही त्याची शंका रास्त होती. त्याच्या स्वतःच्या सौद्यापुरता दुसरा कोणी नेमा, असे म्हणालो.

ऑगस्टमध्ये निवडीच्या दिवशी हे सर्वांपुढे मांडीन, असे तो म्हणाला. मांडताना स्वतःच्या त्या मताचीही गोष्ट सांगावी लागेल, आणि तो नवखा अजून त्याच लीगमध्ये आहे.