पेन्शनीनंतरचा विवेक

ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास 1990 ते 1993 या काळात नौदलप्रमुख होते. 1971 च्या युद्धातल्या कामगिरीबद्दल त्यांना वीरचक्र मिळालं होतं. निवृत्तीनंतर ते अलिबागजवळ शेती करत राहिले आणि उरलेली वर्षं त्यांनी अण्वस्त्रविरोधाला आणि भारत-पाकिस्तान मैत्रीच्या कामाला दिली. 2004 साली पाकिस्तानच्या आय. ए. रहमान यांच्यासोबत त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मार्च 2024 मध्ये ते गेले. अण्वस्त्रविरोधाच्या वादात त्यांचं नाव घेतलं की समोरचा निम्मा गार होतो, कारण लढलेल्या माणसाला भेकड म्हणता येत नाही. म्हणून या नावाने न बधणारा माणूस मी इथे समोर घेतो आहे : नवी मुंबईत सीवूड्सला राहणारे नौदलातले एक निवृत्त कमांडर. ते कल्पित आहेत, त्यांचे आक्षेप मात्र नाहीत. त्यांचं पहिलंच वाक्य असं : “पेन्शन सुरू झाल्यावर सदसद्विवेकबुद्धीला काही खर्च येत नाही हो.”

हे झोंबतं, पण पुरतं खरं नाही. रामदास गणवेशात होते तेव्हा भारत जाहीरपणे अण्वस्त्रधारी नव्हता. 1974 च्या पोखरण स्फोटाला सरकारने ‘शांततामय’ म्हटलं होतं. उघड चाचण्या झाल्या त्या मे 1998 मध्ये. म्हणजे रामदासांना मोडायला हुकूमच नव्हता. “मग त्यांना बाजूला ठेवा आणि आज पाणबुडीत बसलेल्या पोराबद्दल बोला,” कमांडरसाहेब म्हणतात. ठीक. ‘अरिहंत’ या अण्वस्त्रवाहू पाणबुडीने पहिली गस्त पूर्ण केल्याचं नोव्हेंबर 2018 मध्ये जाहीर झालं, तेव्हा प्रश्न आता खरोखरच्या माणसांचा आहे. 1957 च्या नौदल कायद्यानुसार वरिष्ठाचा कायदेशीर हुकूम मोडणं हा गुन्हा आहे. हुकूम कायदेशीर हवा ही अट संसदेने घातली आहे, कुणा शांततावाद्याने नव्हे. आता खुद्द भारत सरकारची बाजू पाहा. अण्वस्त्रांच्या वैधतेचा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे आला, तेव्हा 1995 च्या लेखी निवेदनात भारताने भूमिका घेतली की शत्रूने आधी अण्वस्त्र वापरलं असलं तरी बदल्यादाखल ते वापरणं मानवतावादी कायद्याच्या मूलतत्त्वांत बसत नाही. आणि 4 जानेवारी 2003 रोजी जाहीर झालेलं धोरण काय सांगतं? आपण आधी वापरणार नाही, पण हल्ला झाला तर प्रचंड प्रतिहल्ला करू. म्हणजे या धोरणानुसार आपल्या अधिकाऱ्याला जो हुकूम येईल तो बदल्याचाच असणार. नेमका तोच, जो आपणच बेकायदा ठरवू पाहत होतो.

“पुढचंही सांगा की. 8 जुलै 1996 ला न्यायालय काय म्हणालं?” त्यांना ते पाठ आहे. न्यायालय म्हणालं की अण्वस्त्रांचा वापर सर्वसाधारणपणे युद्धविषयक कायद्याविरुद्धच जाईल. पण राष्ट्राचं अस्तित्वच पणाला लागलं असेल तर काय, हे आम्हाला निश्चित सांगता येत नाही. मतं सात-सात पडली, अध्यक्षांच्या निर्णायक मतावर निभावलं. “चौदा न्यायाधीशांना जे वर्षभरात ठरवता आलं नाही, ते माझ्या लेफ्टनंटने काही मिनिटांत ठरवायचं? आणि तुमचे गांधीजी तरी काय म्हणाले?” हा घाव वर्मी बसतो. 23 एप्रिल 1930 ला पेशावरमध्ये ब्रिटिश फौजेतल्या चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडायला नकार दिला आणि तुरुंगवास पत्करला. गांधीजींनी पुढे त्या हुकूमभंगाचं समर्थन केलं नाही. उद्या राज्य आपल्या हाती आलं तर हेच सैनिक आपल्याला लागतील, असा त्यांचा हिशेब होता. अहिंसेच्या उपासकाला शिस्तीची एवढी चिंता असावी, हे मला आजही पचत नाही. पण गढवालींना समोरची माणसं दिसत होती. क्षेपणास्त्राच्या पाळीवरच्या माणसाला कुणीच दिसत नाही, त्याच्यापर्यंत येतो तो फक्त संकेत. म्हणूनच माझं म्हणणं असं की विवेकाची वेळ कळ दाबण्याच्या क्षणी येत नाही, ती नेमणूक स्वीकारताना येते. विचार करायला तेव्हाच सवड असते, आणि तेव्हा ‘हे काम मला नको’ म्हणण्याची वाट कायद्याने उघडी ठेवली पाहिजे, बढती न रोखता.

“ठेवा उघडी. ज्यांना मन आहे ते सगळे त्या वाटेने बाहेर पडतील. मग कळीपाशी कोण उरेल?”

या प्रश्नाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही, आणि इतिहासही त्यांच्याच बाजूने बोलतो. 27 ऑक्टोबर 1962 ला क्यूबाजवळ अमेरिकी जहाजांनी बी-59 ही सोव्हिएत पाणबुडी घेरली होती. आत उष्णता असह्य, मॉस्कोशी संपर्क नाही, बाहेर स्फोटांचे दणके आणि जवळ अण्वस्त्र बसवलेला टॉर्पेडो. सहकाऱ्याच्या आठवणीनुसार, संतापलेल्या कप्तानाला पाणबुडीवरचेच अधिकारी वासिली अर्खिपोव यांनी आवरलं. 26 सप्टेंबर 1983 ला सोव्हिएत अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांच्या पडद्यावर अमेरिकेतून पाच क्षेपणास्त्रं निघाल्याचं दिसलं. खरा हल्ला पाचांचा असणार नाही, असा तर्क करून त्यांनी इशारा खोटा असल्याचं वर कळवलं. प्रत्यक्षात उपग्रह ढगांवरच्या उन्हाने फसला होता. हे दोघे माझ्या सल्ल्यानुसार आधीच बाहेर पडले असते तर? उलट भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ रॉटब्लाट 1944 अखेरीस अमेरिकेचा अणुबॉम्ब प्रकल्प सोडून गेले आणि बॉम्ब व्हायचा तो झालाच. तेव्हा निघून जाण्याच्या हक्काबरोबर आत राहून शंका घेण्याचा हक्कही मागितला पाहिजे. अमेरिकी हवाई दलाचे मेजर हॅरॉल्ड हेरिंग यांनी 1973 मध्ये क्षेपणास्त्र प्रशिक्षणात एवढंच विचारलं होतं की हल्ल्याचा हुकूम देणारा राष्ट्राध्यक्ष भानावर आहे, हे मला कसं कळणार? त्यांनी नकार दिला नव्हता, फक्त प्रश्न केला होता. त्यांना नोकरीतून काढलं. कमांडरसाहेब इथे थोडे घुटमळतात, मग म्हणतात, “आमचा माणूस शंका घेईल हे शत्रूला कळलं, तर धाक कसला राहिला?” पण बदल्याचा हुकूम येतो तोच मुळी धाक निकामी ठरल्यावर. आपली शहरं गेलेली असताना आणखी एक शहर जाळून त्यांतलं एकही माणूस परत येत नाही. ज्या कृतीचा उपयोग केवळ तिच्या धमकीत आहे, ती करून दाखवण्याची शपथ एखाद्या माणसाला कशी घालायची?

“माणसाला, माणसाला! माझ्या लेफ्टनंटलाच का धरून बसलात?” कमांडरसाहेब आवाज चढवतात आणि वाद मला नको होता तिथे नेतात. सीवूड्सच्या खाडीपलीकडे ट्रॉम्बे आहे. 1974 च्या स्फोटातलं प्लुटोनियम तिथल्या सायरस अणुभट्टीतलं होतं, ‘अरिहंत’च्या अणुभट्टीमागेही तिथलं भाभा अणुसंशोधन केंद्रच आहे. तिथल्या इंजिनिअरला नौदल कायदा लागू नाही. राजीनामा दिला म्हणून कोर्टमार्शल होत नाही. खाडीकाठी फ्लॅट घेणाऱ्याला तर राजीनामाही द्यावा लागत नाही. “सीवूड्सचे रहिवासी फ्लेमिंगोंच्या पाणथळीसाठी उच्च न्यायालयात गेले, 2018 मध्ये त्यांच्या बाजूने निकालही लागला. त्याच वर्षी अरिहंतची गस्त जाहीर झाली. तिच्यासाठी कुठे याचिका केलीत?” कशाच्या आधारावर करणार, असं मी विचारतो. “तुमच्याच त्या 1995 च्या निवेदनाच्या. पोराच्या खांद्यावर बंदूक कशाला ठेवता?” हा संरक्षण धोरणाचा विषय आहे, न्यायालय हात घालणार नाही, असं मी म्हणतो, आणि ते बहुधा खरंही आहे. पण मग न्यायालय ज्याला हात लावत नाही तो हुकूम लेफ्टनंटने बेकायदा ठरवावा, हा माझाच मुद्दा लंगडा पडतो.